नरनाळा : गडाचे नाव, जागा आणि इतिहास



स्थलनामांचा अभ्यास भाषाविज्ञान आणि इतिहास यांच्या सीमेवर कसा उभा असतो, हे मागील घटकात आपण पाहिले. प्रस्तुत घटकात एकच स्थळ घेऊन त्या विचाराची परीक्षा करावयाची आहे. त्यासाठी अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यातील नरनाळा हा किल्ला निवडला आहे. परिचयपुस्तकांतून ‘राजपूत राजाने वसविलेला गड’ अशी त्याची ओळख वारंवार दिली जाते. ती ओळख कितपत खरी, ती कोठून आली आणि एखादा गड अमुक एका वंशाचा आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणत असतो, हे येथे तपासावयाचे आहे.

आपल्यापैकी जे विद्यार्थी धाड आणि बुलढाणा परिसरात राहतात, त्यांना हा गड दूरचा वाटेल. वस्तुतः तो तितका परका नाही. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी आहे. तीत गाविल, नरनाळा, मेहकर, बैतलवाडी अशी नावे येतात. ‘सरकार’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ महसुलाचा मोठा विभाग, म्हणजे आजच्या जिल्ह्याला जवळचा. आज बुलढाणा जिल्ह्यात असलेले मलकापूर त्या वेळी नरनाळा सरकारात होते. सातपुड्याच्या कड्यावरील एका गडाच्या नावाने घाटाखालचा सारा मुलूख ओळखला जात होता.

घाटावर आणि घाटाखाली

‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द आपण रोज वापरता. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. धाड, बुलढाणा, चिखली हा भाग वरचा. मोताळा, मलकापूर, नांदुरा हा खालचा. जुन्या कागदपत्रांत या दोन भागांना बालाघाट आणि पायनघाट म्हटले आहे. यातील ‘घाट’ आपला आहे, संस्कृत ‘घट्ट’पासून आलेला. ‘बाला’ आणि ‘पाईन’ हे मात्र फारसी शब्द असून त्यांचे अर्थ अनुक्रमे ‘वर’ आणि ‘खाली’ असे आहेत. मराठी शेतकऱ्याने ज्याला घाटावरचा मुलूख म्हटले, त्यालाच दफ्तरातील कारकुनाने बालाघाट म्हटले. एकाच भूगोलाचे हे दोन भाषांतले वर्णन होय.

हाच ‘बाला’ आपणांस ‘बालेकिल्ला’ या शब्दात भेटतो. उत्तरपत्रिकांतून ‘बाल म्हणजे लहान, म्हणून बालेकिल्ला म्हणजे लहान किल्ला’ ही व्युत्पत्ती मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. ती ऐकायला सोयीची आहे, पण बरोबर नाही. बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला, गडाचा सर्वांत उंच आणि शेवटी लढविला जाणारा भाग.

पायनघाटाच्या सपाटीतून पूर्णा नदी वाहते. येथे एक सावधगिरी बाळगावी. आपल्या मुलखात पूर्णा दोन आहेत. एक वऱ्हाडातून पश्चिमेकडे जाऊन तापीला मिळते, दुसरी मराठवाड्यातून जाऊन गोदावरीला मिळते. नरनाळ्याच्या संदर्भातील पूर्णा ही पहिली. जाफराबादेचेही तसेच आहे. धाडकडच्या विद्यार्थ्यांना जालना जिल्ह्यातील जाफराबाद ठाऊक आहे. नरनाळ्याच्या पूर्वेकडील जोडकिल्ल्याचे नावही जाफराबादच आहे. नाव सारखे म्हणून स्थळ एक असे मानल्यास इतिहासाची गल्लत होते.

गडाची जागा

पूर्णेच्या सपाटीवरून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची गाविलगड रांग भिंतीसारखी उभी राहते. या रांगेच्या दक्षिण कडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१६१ फूट उंचीवर नरनाळा आहे. पायथ्याशी शहानूर गाव आहे. दक्षिणेस काळ्या मातीचा, कापसाचा, दूरवर नजर जाईल असा प्रदेश. उत्तरेस मेळघाटचे अरण्य. या अरण्यातून तापीच्या खोऱ्याकडे, बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या वाटा आहेत. बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी आणि पुढे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे. त्यामुळे वऱ्हाडच्या सत्ताधीशाला उत्तरेच्या वाटांवर पहारा ठेवण्यासाठी या कड्यावर गड असणे अगत्याचे होते.

गड एकसंध नाही. मध्ये नरनाळा, पूर्वेस जाफराबाद, पश्चिमेस तेलियागड असे तीन किल्ले एकमेकांस जोडून आहेत. या तीन नावांकडे भाषेच्या विद्यार्थ्याने थोडे थांबून पाहावे. ‘जाफराबाद’ हे व्यक्तिनामाला फारसी ‘आबाद’ जोडून झालेले राज्यकर्त्यांचे नाव. ‘तेलियागड’मध्ये तेल आणि गड हे दोन्ही शब्द लोकभाषेतले. मधले ‘नरनाळा’ मात्र आपले अंग सहज उलगडून दाखवीत नाही. अर्थ न उमगणारे नाव बहुधा जुने असते, आणि अशाच नावाभोवती कथा गोळा होतात.

गडाला ३६० बुरूज आहेत असे सांगितले जाते. या आकड्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. वर्षाच्या दिवसांशी जुळणारी ही लोकपरंपरेतील पूर्णतेची संख्या आहे. तीनशेसाठ विहिरी, तीनशेसाठ देवळे आपणांस इतर गावांतही ऐकावयास मिळतात. ‘पुष्कळ, मोजता येणार नाहीत इतके’ हा तिचा अर्थ होय.

खरे महत्त्व पाण्याला आहे. पायथ्याच्या पूर्णा खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांच्या सपाटीत तो पसरलेला असून तेथील विहिरींचे पाणी खारट लागते. आणि डोंगरमाथ्यावर, गडात, गोड्या पाण्याचे तलाव आहेत! त्यांतील एकाचे नावच शक्कर तलाव. खाऱ्या पाण्याच्या प्रदेशाकडे पाहत उभ्या असलेल्या गडावरील तळ्याला साखरेचे नाव मिळावे, यात नवल नाही. गडावर दगडात बांधलेली, वरून झाकलेली टाकीही आहेत. त्यांना लोक तेल-तुपाची टाकी म्हणतात, परंतु पावसाचे पाणी साठविण्यासाठी अशी टाकी बांधण्याची पद्धत जुनी आहे.

या संदर्भात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ची आठवण ठेवावी. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथातील दुर्गप्रकरणात, गड बांधण्यापूर्वी प्रथम पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात म्हणून जादा टाकी बांधावीत, अशा आशयाचा उपदेश आहे. ‘आज्ञापत्र’ सह्याद्रीचा अनुभव सांगते. नरनाळा त्याहून कितीतरी जुना आणि सातपुड्यातला. तरी गडाचे शहाणपण दोन्हीकडे एकच आहे, कारण वेढ्यात पडलेल्या माणसाची तहान सगळीकडे सारखीच असते.

‘राजपूत’ आणि ‘राऊत’

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. परंपरा सांगते की नरनाळसिंह किंवा नरनाळस्वामी नावाच्या राजपूत राजावरून गडाला हे नाव पडले. त्याचे कूळ गुजरातेतील अनहिलवाड पाटणच्या सोळंक्यांशी, म्हणजे चालुक्यांशी जोडले जाते. गड मुळात गोंडांचा, असेही सांगितले जाते. शेजारच्या गाविलगडाबद्दलची कथा अशी की तो गवळ्यांचा, म्हणून ‘गाविल’.

या तिन्ही कथांची घडण आपण ओळखली पाहिजे. नाव आधी असते. त्याचा अर्थ लागत नाही. मग त्याच नावाचा एक संस्थापक कल्पिला जातो. जगभर हे घडते. रोम नगराचा संस्थापक रोम्युलस ही कथा याच जातीची. बुलढाणा हे नाव ‘भिल्लठाणा’वरून आले असे सांगतात, त्याचीही रीत हीच. आणि ‘धाड’? मराठीत धाड म्हणजे हल्ला. संस्कृत ‘धाटी’, प्राकृत ‘धाडी’ या वाटेने तो शब्द आला आहे. पण शब्दाचा उगम सापडला म्हणजे गावाच्या नावाचा उगम सापडला असे होत नाही. ‘येथे पूर्वी धाडी पडत, म्हणून धाड’ असे लिहिणे सोपे आहे. परंतु त्याला जुन्या कागदाचा किंवा शिलालेखाचा आधार लागतो. केवळ ध्वनिसाम्य पुरत नाही.

याचा अर्थ परंपरा टाकाऊ असा मात्र नव्हे. गड कोणी बांधला याचे उत्तर कथा देत नसेल. पण कथा ज्यांनी सांभाळली, त्यांनी स्वतःला या भूमीशी कसे जोडले, हे ती निश्चित सांगते. बुलढाणा जिल्ह्यात आणि खानदेशात राजपूत वस्तीची अनेक गावे आहेत. उत्तरेकडून आलेल्या घराण्यांना दक्षिणेत आपले मूळ सांगताना एक पूर्वज, एक गड आणि एक राज्य लागते. त्या गरजेतून जपलेली स्मृती खोटी म्हणून झटकून टाकणे हा माझ्या मते इतिहासाचा उद्धटपणा ठरेल. आणि तिलाच शिलालेखाचा मान देणे हा आळस.

‘राजपूत’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत ‘राजपुत्र’ हे त्याचे मूळ. तोच शब्द प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आला तो ‘राऊत’ होऊन. जुन्या मराठीत राऊत म्हणजे घोडेस्वार योद्धा. आज ते आडनाव म्हणून उरले आहे. ‘राजपूत’ हे रूप नंतर उत्तरेकडून, त्या समाजाचे नाव म्हणून आले. एकाच मुळाची दोन रूपे दोन वाटांनी एका भाषेत येऊन वेगवेगळ्या अर्थांनी स्थिरावली. त्यामुळे एखाद्या जुन्या मराठी मजकुरात ‘राऊत’ दिसले म्हणजे तेथे राजपूत होते असे समजू नये.

कागद आणि दगड काय सांगतात

लेखी पुरावा बहमनी काळापासून मिळतो. सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूर दरबारी लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराने नोंदविले आहे की, अहमदशाह वली बहमनी याने इ.स. १४२५ च्या सुमारास एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, मुक्काम ठेवला. गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. ‘बांधला’ आणि ‘दुरुस्ती केली’ या दोन क्रियापदांतील भेद महत्त्वाचा आहे. ज्याची दुरुस्ती होते ते आधीपासून असते. फिरिश्ता हे सुमारे पावणेदोनशे वर्षांनंतर लिहीत होता हे ध्यानात ठेवूनही, नरनाळा बहमनींच्या पूर्वीचा होता हा निष्कर्ष त्याच्या वाक्यातून निघतो. तो राजपुतांचा होता की गोंडांचा, हे मात्र त्या क्रियापदातून निघत नाही.

दुसरा पुरावा दगडाचा. गडाचा महाकाली दरवाजा हा वऱ्हाडातील मध्ययुगीन शिल्पकामाचा उत्कृष्ट नमुना होय. पांढरट वालुकाश्मात घडविलेला हा दरवाजा पायथ्याच्या काळ्या मातीतून वर आलेल्या माणसाला एकदम उजळ वाटतो. बाजूंना पुढे आलेले सज्जे, कमळांची नक्षी, आत पहारेकऱ्यांच्या ओवऱ्या आणि वर सुलेखनातील लेख. लेखानुसार हा दरवाजा हिजरी ८९२ मध्ये, म्हणजे इ.स. १४८६-८७ मध्ये, बहमनी सुलतान महमूदशाह याच्या कारकिर्दीत फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने उभारला. हाच फतहुल्ला थोड्याच वर्षांत वऱ्हाडच्या स्वतंत्र इमादशाहीचा संस्थापक ठरला. दरवाजा बांधताना मात्र तो आपल्या धन्याचे नाव दगडात कोरवीत होता. त्याच्याविषयी फिरिश्ता सांगतो की तो जन्माने विजयनगरकडील कानडी ब्राह्मण, लहानपणी युद्धात पकडला जाऊन मुसलमान झालेला.

आता हे सारे एकत्र ठेवून पाहा. कानडी मुलखात जन्मलेल्या मुसलमान सरदाराने, पर्शियन वळणाच्या दरबारासाठी, वऱ्हाडात दरवाजा उभारला. त्यावर कमळे आणि अरबी अक्षरे शेजारी शेजारी कोरली गेली. आणि लोकांनी त्याला नाव दिले महाकालीचे. लेख एक सांगतो, लोकांची जीभ दुसरे. मला विचाराल तर नरनाळ्याचा खरा इतिहास या दरवाज्यात जितका दिसतो तितका संस्थापकाच्या कोणत्याही कथेत दिसत नाही.

पुढील घटना थोडक्यात पुरे. इमादशाहीच्या अखेरीस सत्ता बळकावलेल्या तुफालखानाने नरनाळ्याचा आश्रय घेतला. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाने त्याचा पाडाव करून १५७४ मध्ये वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देण्यात आले आणि त्यानंतर हे डोंगरी किल्लेही त्यांच्या हाती गेले. मोगल फौजांबरोबर राजपूत सरदार मोठ्या संख्येने दक्षिणेत आले. अकोला जिल्ह्यातील बाळापूरची प्रसिद्ध छत्री मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाते, ती त्याच काळाची खूण. अठराव्या शतकात नरनाळा आणि गाविलगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते.

बेनीसिंह : नोंदीतला राजपूत

ज्या गडाचे नाव राजपूत राजावरून पडले असे सांगतात, त्या नरनाळ्यावर शिलालेख आहेत ते सुलतानांच्या सेवकांचे. आणि ज्याचे नाव गवळ्यांवरून पडले असे सांगतात, त्या गाविलगडावर कागदपत्रांत निर्विवाद नोंदलेला राजपूत किल्लेदार लढून मेला. त्याचे नाव बेनीसिंह.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यात, धाडपासून फार दूर नाही. आपल्यापैकी काहींनी ते रणक्षेत्र पाहिलेही असेल. तेथे विजयी झालेला आर्थर वेलस्ली पुढे वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला नरनाळ्याच्या पायथ्याकडील मुलखातच आडगावची लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांनी गाविलगडाला वेढा घातला. डोंगरातून अवजड तोफा वर चढवून, तटाला खिंडार पाडून, १५ डिसेंबर १८०३ रोजी त्यांनी गड घेतला. रघूजी भोसल्यांच्या वतीने लढणारा बेनीसिंह आपल्या शिबंदीसह मारला गेला. गड पडताच त्याच्या घरातील स्त्रियांना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ठार करण्याचा प्रयत्न झाला. काही मेल्या, काही जखमी अवस्थेत सापडल्या आणि वाचल्या. ही हकिकत इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली आहे.

‘जौहर’ हा शब्द आपल्या वाङ्मयात चितोडच्या संदर्भात, गौरवाच्या सुरात येतो. वऱ्हाडातील या नोंदीत तो सूर नाही. तेथे जखमा आहेत, आणि वाचलेल्या स्त्रियांची नावे मात्र नाहीत. स्थानिक इतिहास लिहिताना वीरकाव्याची भाषा उसनी घेण्यापूर्वी आपण या नोंदीजवळ थोडा वेळ थांबावे, अशी माझी विनंती आहे.

लढाईनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. त्यात भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. तथापि नरनाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले त्यांच्याकडे ठेवण्यात आले. १८१७-१८ च्या युद्धानंतर तेही गेले.

गडाभोवतीच्या भाषा

गड कोणाचा या चर्चेत ज्यांचे नाव क्वचितच निघते अशी माणसे गडाच्या मागच्या डोंगरात राहतात. मेळघाटातील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळातील आहे. संताळी, मुंडारी या तिच्या बहिणी पार पूर्वेकडे आहेत. गोंडी ही द्राविड कुळातील. पायथ्याची वऱ्हाडी आर्यभाषा. याच सातपुड्याच्या कुशीत, बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, निहाली ही भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुळात तिला निश्चितपणे बसविता आलेले नाही. तिचे बोलणारे फारच थोडे उरले आहेत. दूरदेशीचे अभ्यासक जिच्यासाठी येथवर आले, ती भाषा आपल्याच जिल्ह्यात आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

‘नरनाळा’ या नावाचा विचार करताना म्हणूनच केवळ संस्कृत किंवा राजस्थानी शब्दांत उत्तर शोधणे अपुरे आहे. ज्या कड्यावर तीन भाषाकुळे एकमेकांना भेटतात, तेथील जुने नाव कोणत्याही एका भाषेचे असू शकते.

किल्ल्याच्या मराठी शब्दसंग्रहातही ही सरमिसळ आहे. ‘दुर्ग’ आणि ‘तट’ संस्कृत, ‘गड’ प्राकृतातला, ‘किल्ला’ आणि ‘बुरूज’ अरबी, ‘दरवाजा’ फारसी, ‘तोफ’ तुर्की. नरनाळ्यावरील ‘नऊगजी’ तोफेच्या नावात ‘नऊ’ आपला आणि ‘गज’ फारसी मापाचा. शिवकालात तयार झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त गडासंबंधीच्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. त्यांतील थोडे चालले. पण ‘बुरूज’, ‘किल्लेदार’, ‘तोफ’ हे शब्द मराठीतून गेले नाहीत. कारण गडावर राबणाऱ्या माणसाच्या तोंडी ते आधीच मराठी झालेले होते.

स्वाध्यायासाठी

नरनाळा आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो. गड पाहावयाचा असल्यास वनखात्याच्या नियमांनुसार प्रवेश घ्यावा. जाणे शक्य नसेल तर आपल्या गावापासूनच आरंभ करावा. गावाचे, शिवारातील एखाद्या गढीचे किंवा टेकडीचे नाव घ्या. गावातील किमान तीन वडीलधाऱ्या व्यक्तींना त्या नावाची कथा विचारा. शक्य असल्यास त्या तीन वेगवेगळ्या समाजांतील असाव्यात आणि त्यांत एक तरी स्त्री असावी. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, बोलीतच लिहून घ्या. प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहू नका. नंतर कथेतील कोणता भाग नावाच्या ध्वनीवरून रचला गेला असावा आणि कोणत्या भागाला कागद, दगड किंवा अवशेष यांचा आधार मिळतो, हे दोन स्वतंत्र परिच्छेदांत मांडा. कथा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर त्यांतील एक निवडू नका. तिन्ही लिहा, आणि प्रत्येक कथेपुढे ती कोणी, कोठे, केव्हा सांगितली हे नोंदवा.